सुनेची गोळी बंद झाली होती, मला आज कळलं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितो.

माझ्या सुनेला फिट येतात. आता मूल हवं, म्हणून आज तिला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मुलगा ट्रकवर आहे. असल्या बोलण्यात सासरा कशाला, म्हणून मी बाहेरच बसलो. पण बाईंनी आत बोलावलं. "घरी तुम्हालाच सांभाळायचंय ना बाबा? मग ऐका."

सुनेनं पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं.

बाई म्हणाल्या, "हिची एक गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. ती आधी हळूहळू बदलू. तोवर बाळाची घाई नको. पण मनानं गोळी बंद करायची नाही. मोठी फिट आली तर जिवावर बेतेल."

सून भिंतीकडे बघतच म्हणाली, "मामा, आत्याबाईंनी गोळी बंद करायला लावली. आठवडा झाला."

आत्याबाई म्हणजे माझीच बायको. अन् फिट येणारी ही पोर रोज चुलीपुढे बसते हो!

बाईंनी तिथंच गोळी सुरू केली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर म्हणते, "गोळ्या खाऊन लेकरू धड होतं व्हय? काहून ऐकता त्या बाईचं?"

उद्या मी शेतात असेन, घरात या दोघीच. गटातल्या बायांनो, तुमच्या सासूला तुम्ही असं काही कसं पटवलं? आजच सांगा.