पलंगपोसामागचे दोन आवाज

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले. तिथे घरगुती ॲम्प्लिफायर बनत. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली, म्हणून मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. एका बाजूने ठरावीक सूर यंत्रात सोडायचा आणि दुसऱ्या बाजूने तो बाहेर येईपर्यंत त्यात किती भेसळ झाली ते मीटरवर बघायचं. काटा खुणेच्या आत राहिला की नग पास. कानाने ऐकायची वेळ तिथे क्वचितच यायची, आणि मला त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

पेडण्याला आमच्या घरी बाबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना सेट होता. बाबा डिचोलीला खाणीच्या कचेरीत कारकून होते. नोकरीत असताना वास्कोच्या एका बोटीवरच्या माणसाकडून त्यांनी तो आणला होता. सेट तापायला वेळ घ्यायचा आणि चालू असेपर्यंत बारीक घुमत राहायचा. जेवणं झाली की बाबा त्यावर नाट्यपदांच्या तबकड्या लावत. पेटीला चरा गेलेला एक नवा ॲम्प्लिफायर कारखान्याने मला सवलतीत दिला, तेव्हा मी तो मोठ्या हौसेने घरी आणला आणि जोडून दिला. बाबांनी एक पद पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "बरो वाजता."

आठवड्याभराने बघते तर तारा परत जुन्या सेटला लावलेल्या. मी कारण विचारलं. बाबा जरा ओशाळले. नव्यात सगळं स्वच्छ ऐकू येतं, पण त्यात गाणारी बाई समोर बसून गात नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. समोर म्हणजे कुठे, ते त्यांना सांगता येईना.

मला वाईट वाटलं. साहेबांना विचारून मी कारखान्यातला मीटर घरी आणला. जुन्या सेटमध्ये भेसळ भरपूर निघाली, नव्यात जवळजवळ नाहीच. मी बाबांना काटा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला आणि मान हलवली. संध्याकाळी पुन्हा जुनाच सेट लावला.

बाबांचे एक मित्र डिचोलीहून दर रविवारी यायचे. ते देवळातल्या भजनाला पेटी वाजवत आणि आसपासच्या गावांतल्या पेट्या सुरात लावून देत. सगळे त्यांना पेटीमास्तर म्हणत. त्या दिवसांत आमच्या सोप्यावर राज्याची भाषा कोंकणी की मराठी, यावर बोलणं निघालं की दुपार संपायची, आणि दोघे एकाच बाजूचे असूनही भांडायचे. एका रविवारी मी तो विषय मोडून त्यांना परीक्षेला बसवलं. दोन्ही यंत्रांचा आवाज मीटरने मोजून सारखा केला, मध्ये एक बटण बसवलं, समोर दोरीवर पलंगपोस टांगला. मी मागून बटण फिरवणार आणि त्यांनी जुना की नवा ते सांगायचं.

सुरुवातीला पेटीमास्तर लागोपाठ बरोबर आले. बाबा निम्मे बरोबर, निम्मे चूक. मग मी बटणाला हात न लावता नुसतं विचारलं, "आता?" दोघांनी एकदम सांगितलं की आता जुना, आवाजाला ओल आली. मी पुन्हा विचारलं, तेव्हाही बटण तिथेच होतं. पेटीमास्तर म्हणाले, नवा, कोरडा.

पलंगपोस बाजूला करून मी त्यांना खरं काय ते सांगितलं. बाबा हसले. पेटीमास्तर मात्र हसले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मग माका जो फरक आयकूंक इलो, तो खंय गेलो गो?"

बाबा म्हणाले, आता तू बस, मी बटण बघतो. मी बसले. पद सुरू झालं आणि खरंच, मधेच बाई जवळ आली. खुर्ची ओढून कोणी पुढे बसावं इतकी जवळ. मी म्हटलं, हा जुना. बाबांनी पलंगपोसामागून सांगितलं की त्यांनी अजून काहीच फिरवलेलं नाही, नवाच वाजतोय. मी उठून बघितलं. ते खरं होतं. मी परत येऊन बसले, तरी बाई जवळच बसलेली होती. त्या क्षणी मला नक्की काय कळलं, हे मी आजही सांगू शकत नाही. मीटर खोटा नव्हता. आणि मीही खोटं ऐकत नव्हते.

त्यानंतरचे काही रविवार पेटीमास्तर आले नाहीत. मग त्यांचा निरोप आला, मीटर घेऊन डिचोलीला ये. त्यांच्या घरी देवळाची पेटी उघडून ठेवलेली होती. त्यांनी सांगितलं की आता स्वतः लावलेल्या सुरावर त्यांचा भरवसा बसत नाही. भजनाच्या मधेच थांबून ते शेजाऱ्याला विचारतात, चढला तर नाही ना? सुराची कंपनं मोजणारं कारखान्यातलं यंत्र मी बरोबर नेलं होतं. गंधाराची पट्टी किंचित उतरलेली निघाली. त्या पट्टीखाली कंप पावणारी पितळेची जीभ त्यांनी टोकाकडे अगदी हलक्या हाताने खरवडली, सूर चढला आणि यंत्रावरचा आकडा जमला. त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटका दिसली.

पण गुरुवारी भजनात मुख्य गायकाने दोन वेळा पेटीकडे वळून बघितलं. नंतर तो म्हणाला की गंधार टोचतो. पेटीमास्तरांनी ती जीभ मुळाकडे खरवडून सूर परत खाली आणला. पुढच्या गुरुवारी गायक खूश. मी पुन्हा त्यांच्या घरी गेले तेव्हा हे मला सांगताना पेटीमास्तर मधेच थांबले. म्हणाले, पेटीला यंत्र लावलं होतं, हे त्याला आधी कोणीतरी सांगितलं असेल काय? मी म्हटलं, असेल. ते म्हणाले, म्हणजे त्यालाही पलंगपोसामागे बसवायला हवं. मला वाटलं ते चिडले आहेत, पण त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं आणि रविवारी येतो म्हणाले. आले. आवाजाचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही, भाषेचाच काढला.

पुढे बाबांच्या सेटचा एक व्हॉल्व्ह गेला. म्हापशाला शोधला, पणजीला शोधला, तसला कुठेच मिळाला नाही. बाबांना नवा ॲम्प्लिफायर लावण्यावाचून इलाज राहिला नाही. काही दिवस ते तबकड्या लावतच नव्हते. मग लावू लागले, पण ऐकता ऐकता पेपर वाचायचे, आधी तसं करत नसत.

वर्ष होत आलं असेल. मी कामावरून आले तेव्हा पद चालू होतं आणि बाबा पेपर बाजूला ठेवून डोळे मिटून बसले होते. पद संपल्यावर त्यांनी विचारलं, "तू ह्याका काय केलंस? आता बाई समोर बसता."

मी काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीटर आणून सगळं पुन्हा मोजलं. काटा पहिल्या दिवशी होता तिथेच. स्पीकर तेच, खोली तीच. बाबांचे कान वर्षभराने थकलेच असणार. त्यांना नव्याची सवय झाली असेल, किंवा जुना ते विसरले असतील, किंवा तुलना करायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून असेल. ही सगळी कारणं मी त्यांच्यासमोर मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरां," ते म्हणाले. "पण आता ह्याका हात लावू नको."