आमच्या चाळीतला पांढरा धूर

माझ्या धाकट्या भावाने मॉलमधली नोकरी सोडून एटीव्ही घेतली, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे हे काय असतं. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना बसवून वाळूतून धडधडत फिरवतात ती चार जाड चाकांची मोटरसायकल. अलिबागकडच्या कुणीतरी पुरेशी पिदडून विकायला काढलेली ती याने टेम्पोत घालून परळला आणली. इथे ठाकठीक करायची आणि मग आईच्या गावी, देवगडच्या पुढे, किनाऱ्यावर धंदा लावायचा असा बेत. रस्त्यावर चालवायची तिला परवानगीच नाही, त्यामुळे परळात ती फक्त चाळीच्या अंगणात जागच्या जागी गुरगुरायची. चाळीने तिचं नाव ट्रॅक्टर ठेवलं.

ट्रॅक्टर धूर सोडायचा. सकाळी बटण दाबलं की तळमजला दिसेनासा व्हायचा. डास मारायची फवारणी आली असं समजून वरच्या मजल्यावरच्या बायका पाण्याच्या पिंपांवर झाकणं ठेवायच्या. भाऊ मात्र सायलेन्सरपाशी उकिडवा बसून धुराकडे असा बघायचा की त्यातून कुणी प्रकट होणार आहे.

आमच्या चाळीत ज्याला स्वतःचा गुडघा वाकवता येत नाही तोसुद्धा दुसऱ्याच्या इंजिनाबद्दल ठाम असतो. समोरच्या खोलीतले काका गिरणीत बॉयलरवर होते. पांढरा धूर म्हणजे वाफ आणि वाफ म्हणजे पाणी, असा निकाल त्यांनी हातातला पेपरही खाली न ठेवता दिला. भोईवाड्यातून आणलेल्या मेकॅनिकने मान डोलावली. हेड गॅस्केट गेलंय, रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय, म्हणाला. इंजिन उघडलं, गॅस्केट बदललं, बंद केलं. धूर तसाच. मग मी सहज विचारलं, की या गाडीचा रेडिएटर आहे कुठे? तिघांनीही गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. रेडिएटर नव्हताच. ते इंजिन वाऱ्यावर थंड होणारं होतं, त्यात पाण्याचा थेंब नव्हता. काकांनी पेपर पुन्हा उघडला.

त्यानंतर पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणून टाकी रिकामी झाली. मग पिस्टनच्या रिंगा झिजल्यात म्हणून नव्या पडल्या. धूर कशालाच बधला नाही.

या सगळ्यात आमची आई संशयास्पद समाधानी होती. एरवी गॅसवाला दोन मिनिटं उशिरा आला तर त्याचा उद्धार करणारी ही बाई मेकॅनिकला म्हणायची, सावकाश करा, घाई नाही. त्याला चहा, वर खोबऱ्याची वडी. मला ते लगेच कळलं. तिचं अख्खं आयुष्य त्या गावातून बाहेर पडण्यात गेलं होतं. लग्न करून या दहा बाय बाराच्या खोलीत आली, बाबा गेल्यावर आम्हां दोघांना वाढवलं, आणि आता पोरगा उलटा तिकडेच निघाला होता, तोही वाळूत गाडी फिरवायला. जोवर धूर होता तोवर पोरगा घरात होता. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. भाऊ रोज आरशासमोर उभा राहून सांगायचा, गाडी सुधारली की त्याच दिवशी निघणार, एक दिवसही थांबणार नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं.

शेवटी एका रविवारी मी आईचं स्टीलचं ताट घेतलं आणि धुरासमोर धरलं. वाफ असती तर पाण्याचे थेंब जमले असते. ताटावर तेलकट, जळकट थर बसला. म्हणजे जळत होतं ते इंजिन ऑइल. आईने ताटावरून माझा जो समाचार घेतला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पण ऑइल अडवणाऱ्या रिंगा नव्या घातल्यावर ते येतंय कुठून? भाऊ म्हणाला, सकाळी धूर खूप, तासाभराने काहीच नाही. आता मी पडले फिजिओथेरपिस्ट. सकाळी उठल्यावर मान धरते आणि दुपारी सुटते अशी तक्रार घेऊन अर्धं परळ माझ्याकडे येतं. त्यांना मी एकच गोष्ट आधी विचारते. तीच त्यालाही विचारली.

"ही रात्री झोपते कशी?"

ती कशी झोपते ते सगळ्या चाळीला माहीत होतं. आमच्याकडे वापरात नसलेली प्रत्येक वस्तू उभी करून ठेवतात. खाट उभी, टेबल उभं, गादी उभी, सायकल भिंतीला टांगलेली. आडवं पसरायचा हक्क फक्त माणसांना, तोही रात्रीपुरता. त्याच नियमाने संध्याकाळी चार बाप्ये मिळून ट्रॅक्टर उचलायचे, मागच्या बाजूवर उभा करायचे आणि पॅसेजच्या कठड्याला आईच्या जुन्या लुगड्याने बांधून टाकायचे. मोठ्या प्रेमाने करायचे, एकालाही बोलवावं लागायचं नाही.

आम्ही एअर फिल्टरचा डबा उघडला. आत ऑइलचं तळं. रात्रभर शेपटीवर उभ्या असलेल्या इंजिनातलं ऑइल हवेच्या नळीतून त्या डब्यात उतरायचं आणि सकाळी इंजिन ते ओढून जाळायचं. वर आमचे बंधुराज ऑइल कमी झालं म्हणून दर दोन दिवसांनी नवीन ओतत होते. इतकी माणसं इतके दिवस त्या इंजिनाच्या पोटात हात घालत होती आणि त्याला आजारी पाडत होता तो आमचा शेजारधर्म.

डबा धुतला, ऑइल खुणेइतकं केलं. आता तिला रात्रभर चार चाकांवर ठेवून सकाळी बघायचं होतं. पण अंगण रात्री स्कूटरींनी भरतं. राहिला पॅसेज, आणि तिथे ती आडवी ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याने तिच्यावरून चढून जायचं. भाऊ कुणाला विचारायला तयार होईना. धुरावरून त्याची सगळ्यांशी भांडणं झाली होती. तो म्हणाला, जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू. मी आईकडे पाहिलं. तिला हवं तेच झालं होतं, तिने नुसतं गप्प बसायचं होतं.

आई उठली, पदराला हात पुसले आणि तळमजल्याच्या पहिल्या दारापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात उभी राहून ती सांगत होती, माझ्या झिलाचो ट्रॅक्टर आजची रात पॅसेजात ऱ्हवांदे, तेवढी कळ काढा. काकांच्या दारात ती जरा जास्त वेळ थांबली. परत आली तेव्हा माझ्याकडे न बघता जेवायला वाढायला लागली.

सकाळी सगळी चाळ गाडीवरून ढेंगा टाकत शिव्या देत संडासला गेली. मग आम्ही तिला अंगणात ढकललं. भावाने बटण दाबलं. सायलेन्सरमध्ये उरलेला थोडा धूर भकभकला, आणि मग काहीच नाही. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. काका टाळ्या वाजवायला लागले. आई सायलेन्सरच्या मागे जाऊन उभी राहिली, हात पुढे धरला. हाताला नुसती गरम हवा लागत असणार.

भावाने इंजिन बंद केलं. खाली उतरला नाही. हँडल धरून बसून राहिला आणि म्हणाला, "आई, दोन-चार दिवसांनी गेलो तर?"

एवढे दिवस धुराच्या आड फक्त आईच बसलेली नव्हती.

आईने हात पदराला पुसला.

"नाय. टेम्पोवाल्याक फोन कर," ती म्हणाली. "पॅसेज मी एका रातीपुरतोच मागलंय."