नाव कुणी ठेवलं?

माझी मावशी सातवीला भाषा शिकवते, आणि डूख धरण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. त्याच शाळेत प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

लहानपणी मावशी अडखळायची. कविता घडाघडा म्हणायची, पण स्वतःचं नाव सांगताना पहिल्याच अक्षराला गाडी अडायची. चौथीत, याच शाळेत, नव्याने आलेल्या तरुण सरांनी तिला नाव विचारलं. ही म्हणाली, "प... प... प..."

"पपई! बस खाली," सर म्हणाले. वर्ग खदाखदा हसला. पुढे अडखळणं गेलं, पण पपई काही गेली नाही. लग्न ठरलं तेव्हा काकांना आधी पपई कळली, मग मावशी.

नावांचा धडा ती सिनेमातून शिकवते. प्रोजेक्टर मी लावते, आवाज ती बंद करते. पडद्यावर एखादी आई बाळाला पहिल्यांदा हाक मारते, किंवा एखादी टोळी लंगड्या माणसाला हाक मारून खिदळते. मावशी दृश्य थांबवते आणि दोनच प्रश्न विचारते, "नाव कुणी ठेवलं? कशावरून?" मग फळ्यावर लिहिते: नाव ठेवणे, नावं ठेवणे. "फरक एका टिंबाचा आहे. ठेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघा, टिंब तिथे दिसतं."

यंदा शाळेनं सभागृह बांधलं आणि त्याला त्याच सरांचं नाव द्यायचं ठरलं. मावशी मुख्याध्यापिकाबाईंशी भांडून आली.

"म्हणे, लहान मुलांची थट्टा होती ती!" घरी येऊन तिनं पर्स आपटली. "माझं नाव पुसणाऱ्याचं नाव भिंतीवर कोरतात. बघतेच आता."

दुसऱ्या दिवशी तिनं उद्घाटनाला आदर्श पाठ घ्यायचं स्वतःहून मान्य केलं. मला वाटलं, निवळली. कसली निवळते! प्रयोगशाळेच्या कपाटातली बक्षीस समारंभाची जुनी, मुकी चित्रफीत तिनं माझ्याच किल्लीनं काढून नेली होती.

सर आता सत्तरीच्या पुढचे. पहिल्या रांगेत गुच्छ मांडीवर घेऊन कौतुकानं बघत होते. दोन दृश्यं नेहमीची झाली. तिसऱ्यात एक तरुण सर व्यासपीठावरून पुकारताना दिसले. त्यांचे ओठ तीनदा मिटले, उघडले. सगळे हसले. नऊ वर्षांची एक मुलगी मान खाली घालून काव्यपाठाचं पहिलं बक्षीस घेऊन गेली. मावशीनं चित्र थांबवलं.

"नाव कुणी ठेवलं?"

"त्या सरांनी," सातवीची मुलं म्हणाली.

"कशावरून?"

"ती अडखळते. ते चिडवतायत. प... पपई म्हणाले का, बाई?"

"बरोबर."

"पण मग तिचं खरं नाव काय?" एका मुलीनं विचारलं.

"ते सर सांगतील," मावशी म्हणाली आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. चेहरा उतरला. "त... तिचं... त... प... पण मी..."

"सर ततपप करतायत!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं सभागृह हसलं. एरवी वर्गात चिडवाचिडवी झाली की खडू फेकून मारणारी मावशी हाताची घडी घालून उभी राहिली. हसू आपोआप थांबेपर्यंत ती घडी सुटली नाही. मला, खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. सरांच्या मांडीवरून गुच्छ घसरला तेव्हा जरा कसंतरी झालं, पण ते नंतर.

दारावर सरांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. ते कुणी वाचत नाही. "गाण्याचा तास कुठे आहे?" "ततपपमध्ये." शिपाईसुद्धा तसंच म्हणतो.

सहामाहीला मावशीनं प्रश्न घातला: आपल्या सभागृहाचं टोपणनाव कुणी ठेवलं? कशावरून? सगळ्यांनी लिहिलं, "मुलांनी." खरं नाव विचारणाऱ्या त्या मुलीनं मात्र लिहिलं होतं: "हे नाव बाईंनी ठेवलं. सर अडखळणार, हे त्यांना माहीत होतं."

मावशीनं तो पेपर दोनदा वाचला. मला वाटलं, आता चिडणार. तिनं लाल पेन उचललं, 'नाव'च्या डोक्यावर एक टिंब दिलं, आणि पैकीच्या पैकी गुण दिले.