सुंदरबाईच्या सुनेचं ताट

सुंदरबाईचं तोंड फटकळ होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नरडाण्याजवळच्या तिच्या गावात तिच्या शिव्या न खाल्लेला माणूस नव्हता, आणि अडीनडीला तिच्या दारात न गेलेलाही नव्हता. नवरा तरणाताठा गेला. बाईनं पदर खोचून कपाशीची शेती सांभाळली, भिकनला लहानाचा मोठा केला आणि स्वराज्य आल्यावर आठ-दहा वर्षांनी साक्रीकडच्या डोंगराकाठच्या गावातून त्याला बायको आणली. प्रमिला तिचं नाव.

प्रमिलाचं माहेर गरीब. तिकडं बारा महिने ज्वारीची भाकरी. गहू सणावाराला दिसला तर दिसला. सुंदरबाईनं पोर घरात येताच आळीला ऐकवलं, "मन्ही सून रोज पोळी खाई!" आणि बाईनं खरंच हात आखडता घेतला नाही. रोज पोळ्या, मधूनमधून वरण-बट्टी, वर तुपाची धार. पण सून वाळतच चालली. पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही, लोटा घेऊन पळून पळून पोरीच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. दृष्ट काढली, अंगारे लावले, काढे पाजले. शेवटी भिकननं तिला धुळ्याला, देवपुरातल्या एका डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "हिला गहू सोसत नाही. गव्हाचा कणही पोटात जाऊ देऊ नका."

सुंदरबाईला ते फार लागलं. जिचा गावभर तोरा मिरवला, ती पोळीच पोरीला खात होती! पण बाईनं त्याच दिवशी गव्हाचं पोतं शेजारी देऊन टाकलं आणि सगळं घर भाकरीवर आणलं.

थोडे दिवस प्रमिलाच्या चेहऱ्यावर टवटवी आली. मग नवंच सुरू झालं. दूध प्यायली की पोट गुडगुडायचं. दूध बंद केलं. मग एक दिवस वरण बाधलं. वरण बंद. मग शेंगदाण्याची चटणी बाधली. आता खानदेशातल्या घरात दाणेही नाहीत म्हटल्यावर रांधायचं तरी काय, सांगा! गहू सुटला आणि बाकीचं अन्न एकेक करून पोरीवर उठलं. ताटात भाकरी आणि उकडलेली भाजी उरली, आणि तरी दुखणं हटेना.

सुंदरबाई स्वतः डॉक्टरांकडं गेली. ते म्हणाले, "दूध काही दिवस नाहीच पचणार, आतडं दुखावलंय. पण डाळ-दाणे बाधायला नकोत. कुठून तरी गहू पोटात जातोय."

झालं! बाईच्या डोक्यात शिरलं, सून चोरून पोळी खाते. घरी येताच तिनं प्रमिलाला फैलावर घेतलं. पोर रडून म्हणाली, "तुमच्या पायाची शपथ, अक्का, पोळीला हातसुद्धा लावला नाही." बाईनं तरी पाळत ठेवली. शेजारपाजार पाहिला, डबे हुंगले. काहीच सापडलं नाही. मग आपलीच तिला शरम वाटली.

तोवर गाव बोलायला लागलं होतं. आज डाळ चालत नाही, उद्या हिला पाणीही चालणार नाही! सुंदरबाईचे थोरले दीर झुलाल आबा ओसरीवर येऊन म्हणाले, "पोर नाटकी आहे. अखाजीला माहेरी जाईल ती तिकडंच राहू दे. काडीमोड करू, भिकनला दुसरी बघू." भिकन खाली मान घालून बसला. सुंदरबाई दाराआड उभी राहून ऐकत होती.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, प्रमिला माहेरी गेली. आठवड्यानं तिचा भाऊ मगन हसत सांगत आला, ताई बरी आहे, डाळ-भाकरी खाते, दाण्याची चटणी खाते, झोके घेते. झुलाल आबांना तेवढंच हवं होतं. "बघा! माहेरी सगळं पचतं, सासरीच पचत नाही."

दुसरी बाई असती तर सुनेच्या नावानं बोटं मोडत बसली असती. सुंदरबाईनं गाठोडं बांधलं आणि तडक विहिणीचं घर गाठलं. मुलाच्या आईनं असं बोलावण्यावाचून जायचं? लोक तोंडात शेण घालतील! विहीण धुरपदाबाई तर घाबरूनच गेली. पाट मांडू लागली. सुंदरबाई म्हणाली, "पाट राहू दे, बाई. मला तुझ्या चुलीपाशी बसू दे."

बसली. ज्वारी तीच, डाळ तीच, तेल तेच. मग वेगळं काय? पहाटे घरघर ऐकून ती उठली. धुरपदाबाई जात्यावर दळत होती. सुंदरबाई बघत राहिली, आणि मग तिनं पुढं होऊन जात्याभोवतीचं पीठ चिमटीत घेतलं.

तिच्या गावात इंजिनची चक्की आली होती. बायका जात्यातून सुटल्या. सगळ्यांत आधी सुंदरबाई सुटली. चक्कीवर रांग असायची. कुणाचे गहू, त्यामागे कुणाची ज्वारी, सगळं एकाच तोंडातून पडायचं. ज्या दिवशी आपल्या पुढचा डबा गव्हाचा, त्या दिवशी चक्कीत उरलेलं त्याचं पीठ आपल्या ज्वारीत, आणि पोर आजारी. आणि बोल लागायचा ताटातल्या डाळीला नाहीतर दाण्यांना.

"माय वं माय!" तिनं कपाळावर हात मारला. "मीच चारत होते गं तुला!" प्रमिलाला पोटाशी धरून ती ढसाढसा रडली. मग नाक पुसून म्हणाली, "ऊठ, लुगडी बांध. घरी चल."

घरी आल्याबरोबर तिनं पडवीतलं जातं काढलं, धुऊन पाथरवटाकडून टाकी लावून घेतली, आणि रोज पहाटे स्वतः दळायला बसली. दंड भरून यायचे. आळीतल्या बाया हसायच्या, सासू दळते आणि सून लोळते! बाई त्यांना दोन सणसणीत शिव्या द्यायची आणि पुढची मूठ घालायची. हळूहळू वरण परत आलं, दाणे परत आले. दूध मात्र आलं नाही.

झुलाल आबांनी नेमकं तेच पकडलं. एका सकाळी ओसरीवर बसून म्हणाले, "दूध अजून पचत नाही ना? मग बरी कुठं झाली? काडीमोड..."

जातं थांबलं. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून सुंदरबाई त्यांच्यापुढं एक शब्द बोलली नव्हती. ती पीठभरल्या हातांनी बाहेर आली.

"आबा, तुम्हाला वांगं चालत नाही. अंगावर गांधी उठतात. तुम्हाला कुणी घराबाहेर काढलं का?"

तिनं आतल्या प्रमिलाकडं बोट केलं.

"मन्ही शे ती," सुंदरबाई म्हणाली. "बठ्ठं गाव उनं, सारं गाव चालून आलं, तरी मन्हीच शे."

आबा टोपी सावरत निघून गेले. सुंदरबाई जात्याशी परत आली आणि तिनं पुढची मूठ घातली. प्रमिला तिच्यासमोर पाय पसरून बसली आणि तिनं खुंटा धरला.

"सोड," सुंदरबाई खेकसली, "तुझ्या अंगात जीव नाही अजून."

"आहे, अक्का," प्रमिला म्हणाली, आणि जातं फिरलं.