पंधरा दिवसांचं ऊन

दाजींना मी आजही अहो-जाहोच करतो. थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या खानदेशात जावयाला अरे-तुरे करायची सोय नाही. त्यामुळे या लिहिण्यातही त्यांचा मान राखलेला दिसेल. तो सवयीनं राखलाय, मनापासून नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी सुरतेला आलो. गावची पोरं आली की सरळ कापडाच्या लूमवर जात. मीही गेलो असतो, पण ताई म्हणाली, खडखडाटात कान घालवून बसण्यापेक्षा दाजींच्या हाताखाली रंधा धर. दाजी सुतार. त्यांचं घर कतारगामला, मी उधन्याला गाववाल्यांबरोबर एका खोलीत. जुन्या सुरतेतल्या घरांना वरच्या मजल्यावर सागाच्या फळ्यांची जमीन असायची. कुठं पाणी मुरून कोपरा कुजायचा, कुठं वाळवी लागायची. तेवढा भाग काढून नवं लाकूड असं बसवायचं की जुनं कुठं संपलं ते कळू नये, यात दाजींचा हात धरणारा कुणी नव्हता.

सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर होतो. जुन्या फळ्या एका रेघेत कापायच्या नाहीत. एक आखूड, एक लांब अशा कापून त्यांच्यात नवीन फळ्या बोटात बोटं गुंतवावीत तशा घालायच्या, हे त्यांनीच शिकवलं. रंध्याला धार कशी लावायची, पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच का मारायचा, जवसाचं तेल किती गरम असताना पाजायचं, सगळं त्यांच्याकडून आलं. एकच गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नाही. वखारीतून लाकूड थेट कामावर येत नसे. ते आधी दाजींच्या घरी जाई आणि मग बऱ्याच दिवसांनी हातगाडीवरून कामावर येई. मला वाटे, चोरीच्या भीतीनं ते घरी ठेवत असतील. विचारावंसंही वाटलं नाही. गाढवपणा माझाच.

मग मला स्वतःच्या नावावर पहिलं काम मिळालं. जुन्या गावात जरीच्या एका व्यापाऱ्याचं तीन मजली घर होतं. वरच्या दालनातून आतला जिना खाली उतरत असे. तो काढून टाकला होता आणि त्या जागी मोठं भगदाड पडलं होतं. ते बुजवायचं, आणि सगळी जमीन घासून तेल-पॉलिश करायची. घरात चालायचं शेठच्या आईचं. त्यांना सगळे बा म्हणत. बांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मने सांधो ना देखाय, तो नीचेना बे माळनुं काम पण तारुं." सांधा दिसला नाही, तर खालच्या दोन्ही मजल्यांचं कामही माझं. म्हणजे वर्षभराचं काम, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की सुरतेत मला कुणी अमक्याचा मेहुणा न म्हणता मिस्त्री म्हणालं असतं. मला तेवढंच हवं होतं.

दाजींना सांगायला गेलो तर ते खूश झालेले दिसले. पाठीवर थाप मारली. ताईनं शेवया केल्या.

लाकूड मी वखारीतून आणलं ते सरळ बांच्या घरी. आठवडाभर एकट्यानं सांधे केले. फळ्या अशा बसल्या की नख घालायला जागा राहिली नाही. पण रंगाचं घोडं अडलं. जुना साग शंभर वर्षांच्या पायांनी तपकिरी झालेला, आणि माझा नवा पिवळट, पट्ट्यापट्ट्यांचा. जुनी जमीन जास्त घासायची नाही, तिचा रंग जाता कामा नये, असं बांनी बजावलं होतं. शेवटी मी दाजींना बोलावलं. ते दुसऱ्याच दिवशी सकाळी आले, स्वतःचं काम सोडून. गुडघ्यावर बसून फळ्यांवरून हात फिरवला. लाकूड कधी आणलं, ते विचारलं. मी म्हटलं, आठ दिवस झाले, वखारीत सावलीला होतं. काताचं पाणी आणि तपकिरी भुकटी स्वतःच्या हातानं कालवली, तुकड्यावर लावून पाहिली, पुन्हा कालवली. तिसऱ्या खेपेला रंग असा जुळला की मीच चक्रावलो. उठून हात पुसत म्हणाले, "लाय आते. काय बी करानं बाकी नही."

लाव म्हणाले, म्हणून दुसऱ्या दिवशी मी लावला. वरून तेल पाजलं, पॉलिश केलं. बा चष्मा लावून दालनभर हिंडल्या. त्यांना सांधा सापडला नाही. दिवाळी होऊ दे, मग खालचं काम काढू, म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी खोलीतल्या सगळ्यांना लोचो खाऊ घातला.

दिवाळीनंतर बांचा निरोप आला, ये म्हणून. मी टेप, पेन्सिल, वही घेऊन गेलो, खालच्या मजल्यांची मापं घ्यायला. दालनात पाऊल टाकलं आणि पाय तिथंच थांबले. मी बसवलेली प्रत्येक फळी काळपट पडली होती. भोवतीची जुनी जमीन होती तशीच होती. मधोमध जिन्याच्या भगदाडाचा आकार, दातऱ्यांसकट, कुणी रेखाटून ठेवल्यासारखा उमटला होता. बा चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांधो नथी देखातो. आखी सीडी देखाय छे."

सांधा दिसत नव्हता, अख्खा जिना दिसत होता. मला शरमेनं मान वर करता येईना. काय चुकलं तेही कळेना. बांनी दाजींना बोलावलं. दाजींनी जमीन पाहिली, 'पोरगं अजून कच्चं आहे' म्हणाले, आणि खालच्या दोन मजल्यांचं काम त्यांनी घेतलं. मग माझ्याकडे निरोप पाठवला: झालं गेलं विसर, माझ्याबरोबर ये, तुझ्यासारखा हात मला मिळायचा नाही. मला त्या निरोपानं गहिवरून आलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

होकार द्यायला मी कतारगामला गेलो. दाजी बाहेर गेले होते. ताई गच्चीवर होती, म्हणून वर गेलो. सगळ्या गच्चीभर नव्या सागाच्या फळ्या मांडलेल्या होत्या आणि ताई वाकून एकेक फळी पापडासारखी उलटत होती. वरची बाजू चांगली तपकिरी झालेली, खालची पिवळी. मी विचारलं, हे काय चाललंय?

"ऊन देस," ती सहज म्हणाली. "पंधरा दिन. नवा साग उजेडमा काळा पडस ना. पडाना तेवढा पडी जावो, मंग रंग लावतस."

नवा साग उजेडात आपोआप गडद होत जातो. तो आधी होऊ द्यायचा आणि मगच रंग जुळवायचा. बांच्या दालनाला रस्त्याकडून चार खिडक्या होत्या. दाजींनी त्या खिडक्यांच्या उजेडात बसून माझ्या कच्च्या लाकडाला रंग जुळवून दिला होता, आणि महिन्याभरात काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दाजींना मी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ताईकडे पाहिलं. ती फळी हातात धरून तशीच उभी होती. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं होतं. मी विचारलं, "तुले म्हाईत व्हतं?"

तिनं फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, दाजी रंग कालवून आले त्याच दिवशी, हा रंग टिकायचा नाही, असं त्यांनी जेवताना सांगितलं होतं. मी एकट्यानं काम घेतल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं, घरात धड बोलत नव्हते. तेव्हा अजून वेळ होता. मी रंग दुसऱ्या दिवशी लावला होता. उधन्याला मला निरोप द्यायला एक रिक्षा पुरली असती.

"मी सांगी देती," ती म्हणाली, "तं तू वापस येता का?"

दाजींचा राग मला झेपला असता. ते परक्या घरचे, पोटावर पाय येईल म्हणून घाबरले. पण ही माझी ताई. मला हिनंच गावाहून आणलं, हिनंच रंधा हातात दिला, आणि मी पडावं म्हणून ही गप्प बसली. मला जवळ ठेवायला तिला दुसरा रस्ता सुचला नाही. मी जिन्याकडे वळलो.

तिनं हातातली फळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि जेवून जा म्हणाली. मी नको म्हटलं तरी पुढं होऊन जिना उतरली, ताट वाढलं, समोर बसून दोनदा भाकरी वाढली. भाऊ घरातून उपाशी गेला असं कुणी म्हणायला नको, याची तिला फार काळजी होती.