काळ्या पडद्यावरच्या तीन ओळी

ऑफिसात फायली दाबून पाठवायचं काम माझ्याकडे होतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला दुसरं काय देणार? सगळ्यांनी दिवसभर लिहिलेले प्रोग्राम संध्याकाळी एका झिप फाइलमध्ये बांधायचे आणि पुण्याच्या ऑफिसला धाडायचे. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची मुदत केव्हाच संपलेली. दर वेळी 'विकत घ्या' म्हणून खिडकी उघडायची, ती बंद करायची, मग काम. मधेच अडकलं की माझी उमरेडची बस गेलीच समजा.

"सर, फुकटची चांगली टूल्स आहेत," मी टीमच्या साहेबांना म्हटलं.

"फोकटचं आहे तं काही ना काही झोल असनच, मॅडम."

आणि हसले. पण हेच साहेब वर्षभर म्हणत होते, यंदा तुमचं परमनंट पक्कं. म्हटलं, चला, यांना काहीतरी करूनच दाखवू.

मग डबा खाता खाता एकेक टूल तपासलं. पहिलं टूल फाइल मस्त बारीक करायचं, पण माझं जेवून हात धुवून झाले तरी याचं सुरूच. दुसरं झपाट्यानं आवरायचं, पण पुण्याकडच्या मशीनवर ती फाइल उघडेचना. तिसरं दिसायला अगदीच भिकार. ना बटणं ना चित्रं, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. पण त्याची फाइल कुठेही उघडायची आणि शाबूत आहे की नाही तेही ते स्वतःच तपासायचं. तेच घेतलं. तीन ओळी लिहिल्या, वेळ लावून दिली. संध्याकाळ झाली की आपोआप बांधणार, तपासणार, पाठवणार.

"कमाल केली, मॅडम!" साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मी उजेडी घरी पोचायला लागले. खरं सांगते, फार खूश होते मी.

कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तसं पाह्यलं तं आता तुमच्याकडे काम काय उरलं?" माझ्याकडे न बघता म्हणाले. डोंबलाचं परमनंट! इतका संताप आला, पण तोंडातून निघालं काय, तर "ओके सर". त्याचीच जास्त चीड येते.

घरी बाबा जेवायला बसले होते. त्यांची उमर हातमागावर गेली. त्यांच्या शेठनं कामठीत पॉवरलूम टाकले आणि बाबांचा माग बंद पडला. आता एका दुकानात कापड मोजून देतात. मी सगळं सांगितलं.

"अन् मशीनवर काम कोनं चढवलं वं?"

"मीच."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. म्हणाले, "आमच्या टायमाले शेठनं चढवलं होतं. त्याले शिव्या तरी देता आल्या. तू कोनाले देशीन?"