खोक्यावरचा अंगठा

मावशी आमच्या पॅकिंग विभागात खोकी भरायच्या. नात्याने त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, पण अख्खा कारखाना त्यांचा भाचा. आमची मूळ कंपनी परदेशात. तिचा नियम असा की, प्रत्येक खोकं बंद करण्याआधी त्याचा फोटो पाठवायचा. फोटो मावशी काढत, पाठवायची मी. साहित्यातली पदवी घेऊन मी हेच करत होते.

मावशींच्या पहिल्याच फोटोत कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. दुसऱ्याच दिवशी परदेशातून विचारणा झाली: हे काय आहे?

"एवढ्या लांबून माझा अंगठा दिसला?" मावशी खूश. "इथल्या साहेबांना तर अख्खी मी दिसत नाही!"

खरंच होतं ते. पातं आपोआप आत जाणारे कटर हवेत म्हणून त्या दोन वर्षं साहेबांच्या मागे होत्या. साहेब म्हणायचे, "बघू."

अंगठा मात्र रोज फोटोत. तिकडच्यांनी पुढे नाद सोडला.

मग एका मंगळवारी कटर निसटला. त्याच अंगठ्याला चार टाके. फाटकावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अपघाताविना ३९६ दिवस'. चारशे झाले की साहेबांची बढती पक्की होती. सुट्टीची नोंद नको म्हणून त्यांनी मावशींना दुपारीच परत बोलावलं.

"मावशी, घरी भाजी चिरताना कापलं म्हणा. आणि आज फोटोत अंगठा नको हं."

"बरं."

संध्याकाळी मी फोटो उघडले. वीसच्या वीस फोटोंत बँडेज बांधलेला अंगठा. अगदी मधोमध.

"मावशी, साहेब खातील तुम्हाला!"

"मला पचवणं सोपं नाही. तू पाठव."

पाठवले.

सकाळी स्क्रीनवर मूळ कंपनीच्या बाई, बँडेज कशाचं म्हणून विचारत. साहेब कपाळ पुसत म्हणाले, घरी कापलं. बाई म्हणाल्या, त्यांनाच बोलू द्या. दुभाषी मी.

"घरच्या सुरीने तीस वर्षांत दगा दिला नाही," मावशी म्हणाल्या. कटर कॅमेऱ्यासमोर धरला. "दगा दिला तो याने."

 मी एकही शब्द गाळला नाही.

पंधरवड्यात नवे कटर आले. पाटी शून्यावर आली. साहेब आहेत तिथेच आहेत. मावशींना आता लांबूनच नमस्कार करतात.

आणि फोटोंतून अंगठा गायब.

"म्हणजे इतके दिवस तो मुद्दाम...?" माझा आ वासलेला.

मावशी खोकं चिकटवत होत्या. "पहिला चुकून गं. मग म्हटलं, असू दे. मोठ्या घरी थोडी ओळख असलेली बरी."